योसेफाच्या अस्थी

नमन

पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला नमन असो. प्रियजनहो, ज्याच्या कृपेनं त्या रात्री मंडळी कीर्तनाला बसली आणि ज्याच्या कृपेनं तेच बोल आता छापून तुमच्या हाती आले, त्या प्रभू येशूच्या नावाचा जयजयकार असो. मंडळी समोर सतरंजीवर बसली होती, तुम्ही घरात पान उघडून बसला आहात. टाळ-पेटीचा आवाज कागदावर उतरत नाही, एवढंच काय ते उणं. बाकी देव तोच आणि त्याचा शब्दही तोच.

आजच्या कीर्तनाला आधार घेतला आहे तो इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ११ व्या अध्यायातल्या २२ व्या वचनाचा. शास्त्र जवळ असेल तर काढा. हा अध्याय म्हणजे विश्वासवीरांची यादी. हाबेल आहे, नोहा आहे, अब्राहाम आहे, आणि त्यांच्या रांगेत योसेफ आहे. आता योसेफाविषयी सांगण्यासारखं काय कमी आहे? पायघोळ झगा आहे, स्वप्नं आहेत, भावांनी खड्ड्यात टाकलं ते आहे, पोटीफराचं घर आहे, तुरुंग आहे, फारोच्या उजव्या हाताला मिळालेली जागा आहे, दुष्काळात वाचवलेला देश आहे, भावांना केलेली क्षमा आहे. एकेकावर एकेक कीर्तन होईल! पण पत्र लिहिणाऱ्यानं ह्यातलं काहीच घेतलं नाही. त्यानं एकच गोष्ट उचलली. काय? तर योसेफानं मरताना आपल्या हाडांचं काय करायचं ते सांगून ठेवलं.

नवल वाटतं ना? एवढा मोठा माणूस, आणि विश्वासाचा दाखला म्हणून काय निवडलं, तर त्याची हाडं! का बरं? त्या ‘का’चं उत्तर शोधायचं, हेच आजचं कीर्तन.

पूर्वरंग

मंडळी, देव दिलेला शब्द पाळतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. संडे स्कूलमध्ये शिकलो, मंदिरात गातो, लग्नाच्या पत्रिकेवर छापतो, कबरीच्या दगडावर कोरतो. पण घरी गेल्यावर, दार लावल्यावर, मनात एक प्रश्न हळूच डोकं वर काढतो. देव शब्द पाळतो, मान्य, पण कधी?

एखाद्या घरची आजी घ्या. रोज पहाटे उठून खाटेशी गुडघे टेकायची. थोरल्या मुलाचं नाव घेऊन रडायची. चाळीस वर्षं! आजी गेली. तिची चटई गुंडाळून माळ्यावर ठेवली. आणि थोरला अजून मंदिराच्या पायरीवर आलेला नाही. मग तिची सून विचारते, नातवंडं विचारतात, की आजीच्या चाळीस वर्षांचं झालं काय? हा प्रश्न टवाळखोरीचा नाही. हा रडणाऱ्या माणसाचा प्रश्न आहे. त्याला ‘विश्वास ठेवा हो, सगळं ठीक होईल’ असं वरवरचं उत्तर देऊन भागत नाही.

म्हणून आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. माणसाची इच्छा एक, देवाचं वचन एक. आपण कित्येकदा आपली इच्छा देवाच्या सहीनिशी खपवतो. मुलाला नोकरी लागेल, ऑपरेशन यशस्वी होईल, जमिनीचा निकाल आपल्या बाजूनं लागेल, आणि म्हणतो, देवानं मला वचन दिलंय! बाबा रे, कुठे दिलंय? मागायला मनाई नाही. लेकरानं बापाकडे मागू नये तर कुणाकडे मागावं? जरूर मागा. पण जे त्यानं कबूलच केलं नाही ते मिळालं नाही म्हणून त्याला खोटा ठरवू नका.

मग त्यानं कबूल काय केलंय? तो आपल्या लोकांना सोडणार नाही. पश्चात्ताप करून येणाऱ्याला हाकलणार नाही. अब्राहामाच्या वंशातून पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना आशीर्वाद देईल. मेलेल्यांना उठवील. आपला पुत्र पुन्हा येईल. ही वचनं एका माणसाच्या आयुष्यात मावतील एवढी लहान नाहीत. आपलं आयुष्य वीतभर, आणि त्याचं वचन कोसभर. वीतभर पट्टीनं कोस मोजायला गेलं की पट्टी संपते आणि माणूस ओरडतो, ‘वचन संपलं!’

हे पहिल्यांदा कळलं ते अब्राहामाला. हिशेब मांडू या. वचन मिळालं तेव्हा त्याचं वय ७५. हारान सोडून तो कनान देशात आला, शखेम नावाच्या ठिकाणी मोरेच्या एलोन झाडापाशी पोहोचला, आणि तिथे देवानं त्याला दर्शन देऊन सांगितलं की हा देश मी तुझ्या संततीला देईन. शखेम! हे गाव लक्षात ठेवा बरं का. पुढे तीनदा आपल्याला इथेच यायचं आहे.

संततीला देश देणार, पण संतती कुठाय? घरात पाळणा नाही. ८६ व्या वर्षी हागारेपासून इश्माएल झाला, पण देव म्हणाला, वचनाचा तो हा नव्हे. शंभराव्या वर्षी सारेच्या पोटी इसहाक आला. पंचवीस वर्षं गेली एका पाळण्यासाठी! मग १२७ वर्षांची होऊन सारा वारली, आणि तिला पुरायला अब्राहामाकडे स्वतःची हातभर जागा नव्हती. ज्याला सगळा देश कबूल केलेला, तो हित्ती लोकांपुढे उभा राहून कबरस्तानासाठी जागा मागतो. एफ्रोनाला ४०० शेकेल चांदी तोलून देतो आणि हेब्रोनाजवळचं मकपेलाचं शेत, त्यातली गुहा, भोवतालची झाडं, सगळं गावाच्या वेशीत पंचांसमोर आपल्या नावावर करून घेतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर एवढी एकच नोंद!

तो १७५ वर्षांचा होऊन वारला. तेव्हा वचनाचं काय हाती होतं? वचनाचा एक मुलगा, त्या मुलाचे पंधरा वर्षांचे जुळे दोन पोर, आणि एक कबरीचं शेत. ताऱ्यांसारखी संतती? दोन नातू. देश? एक गुहा. तरी अब्राहाम कुरकुरत मेला नाही.

एस. टी.ची वाट बघत माणूस फाट्यावर उभा असतो. लांब वळणावर गाडीची धूळ दिसली की तो हात करतो. गाडी अजून आलेली नसते, पण त्याच्या चेहऱ्यावर हसू येतं. इब्री पत्र ह्या जुन्या लोकांविषयी असंच काहीसं सांगतं. वचनं त्यांच्या पदरात पडली नाहीत, पण त्यांनी ती दुरून पाहिली आणि तिथूनच त्यांना नमस्कार केला. त्यांना गाडी मिळाली नाही, पण गाडी येणार ह्याविषयी त्यांना शंका नव्हती.

आणखी एक गोष्ट, जी आपण वाचताना सोडून देतो. उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात देवानं अब्राहामाला आधीच सांगून टाकलं होतं की तुझी संतती परक्या देशात उपरी होईल, ४०० वर्षं जाच सोसेल, आणि मग परत येईल. म्हणजे उशीर झाला तो वचन मोडल्यामुळे नव्हे. उशीर वचनातच लिहिलेला होता! खरेदीखतात ताबा कधी मिळणार ती तारीख लिहिलेली असते. ताब्याच्या आधी दार उघडत नाही म्हणून कुणी खरेदीखत फाडून टाकतं का?

बोला, प्रभू येशू ख्रिस्ताचा जय!

(येथे भजन झाले.)

उत्तररंग

आता आख्यानाकडे वळू.

याकोबाचे मुलगे शखेमाकडे मेंढरं चारायला गेले होते. बाप हेब्रोनात. योसेफ सतरा वर्षांचा, लाडका. बाप म्हणाला, जा बाळ, भाऊ कसे आहेत, मेंढरं कशी आहेत, बघून ये. पोरगं निघालं. शखेमात पोहोचलं, आणि भाऊ काही दिसेनात. रानात इकडेतिकडे फिरत राहिलं. एका माणसानं सांगितलं, ते दोथानला गेले. योसेफ शखेम सोडून दोथानला गेला. पुढचं तुम्हांला ठाऊकच आहे. झगा काढला, खड्ड्यात टाकलं, आणि चांदीच्या २० नाण्यांना विकून मोकळे झाले.

म्हणजे भावांच्या शोधात फिरणारं, बापाचा निरोप घेऊन आलेलं लेकरू म्हणून योसेफ शेवटचा दिसला तो शखेमाच्या रानात. तिथून पुढे तो गुलाम. हे शखेम दुसऱ्यांदा आलं. ठेवा मनात.

तीस वर्षांचा असताना तो फारोपुढे उभा राहिला. सात वर्षं सुकाळ, मग दुष्काळ. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी भावांना ओळख दिली, बापाला बोलावून घेतलं. याकोब मिसरात १७ वर्षं जगला, १४७ वर्षांचा होऊन वारला. मरण्याआधी त्यानं योसेफाकडून शपथ घेतली की मला इथे पुरू नकोस, मकपेलाच्या गुहेत माझ्या वाडवडिलांपाशी ने. योसेफानं शब्द पाळला. काय ती अंत्ययात्रा! फारोचे अधिकारी, रथ, घोडेस्वार. मिसर देशानं सत्तर दिवस शोक केला, आणि मग कनानात नेऊन याकोबाला मकपेलात ठेवलं.

आता योसेफाची पाळी. वय ११०. नातवंडं-पतवंडं मांडीवर खेळवून झाली. मिसर म्हणजे थोरामोठ्यांच्या थडग्यांचा देश! पिरॅमिड योसेफाच्या आधीपासून उभे होते. ज्यानं देश उपासमारीतून वाचवला, त्याला फारोनं कसं थडगं दिलं असतं! आणि समजा मिसरात नकोच, तर बापाला नेलं तसं थेट मकपेलात नेता आलं असतं. वजन होतं, रथ होते, वाट ठाऊक होती.

योसेफानं दोन्हीही मागितलं नाही. त्यानं भाऊबंदांना बोलावून सांगितलं की मी तर चाललो, पण देव तुमची भेट घेईल, तुम्हांला ह्या देशातून वर नेईल; आणि तेव्हा माझ्या अस्थी इथून घेऊन जा. तशी शपथच घ्यायला लावली.

‘तेव्हा’ हा शब्द नीट ऐका. आत्ता नव्हे, तेव्हा. तुम्ही जाल तेव्हा. मी एकटा पुढे जाणार नाही. तुम्ही इथे राबाल तर मीही इथेच पेटीत पडून राहीन. तुम्ही निघाल त्या दिवशी मला उचला.

आपल्याकडे पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेली माणसं असत. आयुष्य गिरणीत गेलं, चाळीच्या खोलीत गेलं, पण म्हातारपणी एकच म्हणणं: मला गावाकडे न्या. मुंबईत अन्न मिळालं, मान मिळाला, पण माती गावची. योसेफाची ओढ तशीच, पण एक फरक आहे. त्याचं ‘गाव’ अजून त्याचं झालेलंच नव्हतं. मागे काय होतं तिथे? मकपेलाचं ते शेत, आणि शखेमाजवळ याकोबानं हमोराच्या मुलांकडून शंभर नाणी देऊन घेतलेला एक तुकडा. बाकी सगळा देश दुसऱ्यांचा. त्याला ओढ लावली ती आठवणीपेक्षा वचनानं.

उत्पत्तीचं पुस्तक कसं संपतं, पाहिलंत का? सुरुवात केवढी थोर! आकाश, पृथ्वी, प्रकाश. आणि शेवट? मिसरातली एक शवपेटी. पान उलटलं की अंधार. योसेफाला न ओळखणारा राजा गादीवर आला. विटा, चिखल, मुकादमाचा आसूड. पोरगा जन्मला की नदीत टाकायचा हुकूम.

शास्त्रानं दिलेले आकडे धरून मोजलं तर इस्राएल लोक मिसरात ४३० वर्षं राहिले. त्यातून योसेफ जिवंत होता ती सत्तरेक वर्षं वजा करा. साडेतीनशेहून अधिक वर्षं ती पेटी तिथे होती! किती पिढ्या झाल्या? तुम्हांला तुमच्या पणजोबांच्या बापाचं नाव सांगता येतं का? माझ्यासकट बहुतेकांना येणार नाही. आणि ह्या गुलामांनी इतकी वर्षं एका पूर्वजाची शपथ लक्षात ठेवली.

कशी ठेवली असेल? शास्त्रात हा संवाद लिहिलेला नाही, पण घराघरांतून तो झाला असणार, असं मला वाटतं. पाठीवर वळ घेऊन बाप घरी आलाय, झोपलाय. पोरगं आजीला विचारतं, ‘आजी, त्या पेटीत काय आहे गं?’

‘आपल्या योसेफाच्या अस्थी आहेत बाळा.’

‘मग पुरत का नाहीत त्याला?’

‘इथे नाही पुरायचं. आपण जाताना न्यायचं.’

‘आपण कुठे जाणार?’

‘देवानं कबूल केलेल्या देशात.’

‘कधी गं?’

आजी काय सांगणार? तिला तारीख ठाऊक नाही. ती एवढंच म्हणाली असेल, ‘देव येईल तेव्हा. मी नसले तर तू ने. तू नसलास तर तुझ्या पोराला सांग.’

मंडळी, ती पेटीच त्यांचं शास्त्र झाली! त्यांच्याकडे मंदिर नव्हतं, याजक नव्हते, लिहिलेलं पुस्तक नव्हतं. एक न पुरलेली पेटी होती, आणि ती रोज सांगत होती, ‘आपण इथले नाही. आपल्याला जायचंय.’ ज्या दिवशी ती पेटी मिसराच्या मातीत पुरली असती, त्या दिवशी आशाही पुरली गेली असती.

आता त्या रात्रीकडे या. वल्हांडणाची रात्र. दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त. मिसरात घरोघर आकांत. फारो म्हणतोय, जा, निघा! कणीक फुगायला वेळ नाही, पराती पाठीवर बांधून लोक निघालेत. मिसरी लोकांकडून सोन्यारुप्याचे दागिने, कपडे मागून घेताहेत. एवढ्या धांदलीत निर्गमाचा १३ वा अध्याय थांबून एक नोंद करतो: मोशेनं योसेफाच्या अस्थी बरोबर घेतल्या.

लोकांनी सोनं घेतलं, मोशेनं शपथ घेतली. आणि पुढे काय झालं? त्या सोन्यातल्या काहीचं वासरू झालं. शपथ मात्र ठरल्या ठिकाणी पोहोचली.

चाळीस वर्षं अरण्यात. शास्त्राचे जाणकार एक मौज दाखवतात. योसेफाच्या पेटीला मूळ इब्री भाषेत जो शब्द आहे, तोच कराराच्या कोशालाही आहे. म्हणजे अरण्यातून दोन पेट्या चालल्या होत्या. एकीत देवानं दिलेल्या आज्ञांच्या पाट्या, दुसरीत देवावर टेकून मेलेल्या माणसाची हाडं. एकीत शब्द, दुसरीत शब्दावर ठेवलेला विश्वास.

आणि लोक कसे होते? आपल्यासारखेच! पाणी नाही म्हणून कुरकुर, मांस नाही म्हणून कुरकुर, मिसरातले कांदे-लसूण आठवून रडारड. हेरांच्या वेळी तर म्हणाले, चला, परत मिसरात जाऊ. कल्पना करा, मेलेला योसेफ कनानाकडे निघालाय आणि जिवंत माणसं मिसराकडे तोंड करून उभी! ती सबंध पिढी वाळूत पडली. मिसरातून प्रौढ म्हणून निघालेल्यांतले यहोशवा आणि कालेब एवढे दोघेच आत गेले. पण देवानं वचन मागे घेतलं का? नाही. त्यानं दुसरी पिढी उभी केली. माणूस बेइमान झाला म्हणून देव बेइमान होत नाही. त्याची निष्ठा आपल्या निष्ठेची परतफेड नव्हे. तो मुळात तसाच आहे.

यार्देन ओलांडली. देश वाटून झाला. यहोशवाच्या पुस्तकाचा शेवटचा, २४ वा अध्याय काढा. शेवटून दुसरं वचन बघा. योसेफाच्या अस्थी, ज्या इस्राएल लोकांनी मिसरातून आणल्या होत्या, त्या पुरल्या. कुठे पुरल्या? बोला! शखेमात. याकोबानं शंभर नाणी देऊन घेतलेल्या त्याच तुकड्यात.

हे शखेम तिसऱ्यांदा आलं. जिथे अब्राहामाला पहिल्यांदा देशाचं वचन मिळालं, ते शखेम. जिथून सतरा वर्षांचं पोरगं भावांना शोधत निघालं आणि विकलं गेलं, ते शखेम. तिथेच देवानं त्याला परत आणून ठेवलं. आणि आणलं कुणाच्या हयातीत माहीत आहे? लोकांचा पुढारी यहोशवा. त्याचा वंश कोणता? एफ्राईम! योसेफाच्या धाकट्या मुलाचा वंश. म्हणजे योसेफाच्याच रक्तामांसाच्या माणसानं लोकांना त्या देशात नेलं. यहोशवाही ११० वर्षांचाच होऊन वारला. देवाच्या शब्दांपैकी एकही वाया गेला नाही, अशी साक्ष त्या पुस्तकानं लिहून ठेवली आहे.

इथे एखादा म्हणेल, बुवा, छान झालं. अस्थी पोहोचल्या. पण हाडांना काय कळतं? योसेफ तर मेलेलाच ना?

थांबा. अजून एकदा शखेमाकडे जायचंय.

शेकडो वर्षं गेली. राजे आले, गेले. देश दुभंगला. लोक बंदिवासात गेले, परत आले. रोमी लोकांचं राज्य आलं. मत्तयानं वंशावळ लिहिली आहे, ती आपण वाचताना कंटाळून सोडतो. सोडू नका! अब्राहामापासून दाविदापर्यंत चौदा पिढ्या, दाविदापासून बंदिवासापर्यंत चौदा, बंदिवासापासून ख्रिस्तापर्यंत चौदा. ही नावांची माळ म्हणजे देवानं पाळलेल्या शब्दाची पावती आहे. तिच्यात तामार आहे, राहाब आहे, मवाबी रूथ आहे, उरीयाची बायको आहे. डागाळलेली नावं, परकी नावं. तरी धागा तुटला नाही.

आणि एके दिवशी दुपारी, कडक उन्हात, एक तिशीतला माणूस चालून चालून थकला आणि एका विहिरीच्या काठावर बसला. योहानाच्या ४ थ्या अध्यायात गावाचं नाव दिलं आहे, सुखार. आणि योहान मुद्दाम सांगतो की याकोबानं आपला मुलगा योसेफ ह्याला जी जमीन दिली होती, तिच्याजवळ हे गाव. ती याकोबाची विहीर.

मंडळी, बसला कोण? प्रभू येशू! कुठे? योसेफाच्या जमिनीजवळ! ज्या वचनासाठी योसेफानं हाडं राखून ठेवायला सांगितली, ते वचन स्वतः देह धारण करून, धुळीनं माखलेल्या पायांनी, त्याच्या कबरीच्या शेजारी येऊन बसलं, आणि एका शोमरोनी बाईकडे प्यायला पाणी मागितलं. जिच्याशी यहूदी माणूस बोलायचा नाही, तिला त्यानं सांगितलं की तुम्ही ज्याची वाट पाहता तो ख्रिस्त मीच. पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना आशीर्वाद, असं अब्राहामाला कबूल केलं होतं ना? तो आशीर्वाद पहिल्यांदा कुंपण ओलांडून परक्या अंगणात गेला तो इथे. तिनं घागर तिथेच टाकली आणि गावात धावली.

आता हाडांचं काय? तेही ऐका. त्याच प्रभूला वधस्तंभावर दिलं, आणि कबर कुणी दिली? अरिमथाईकर योसेफानं. बघा, पुन्हा योसेफच! पहिल्या योसेफाच्या कबरीत अस्थी आल्या. दुसऱ्या योसेफाच्या कबरीत अस्थी राहिल्याच नाहीत! तिसऱ्या दिवशी कबर रिकामी. म्हणून पहिल्या योसेफाच्या हाडांनाही आता आशा आहे, आणि तुमच्या-माझ्या माणसांच्या हाडांनाही आहे. जो त्या योसेफाला शखेमापर्यंत घेऊन गेला, तो त्याला शखेमातच ठेवून देणार नाही.

आता तुमच्या-माझ्या दाराशी येऊ.

पंडिता रमाबाईंनी केडगावात मुक्ती सदन उभारलं. सगळं शास्त्र खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत आणायचं, म्हणून त्या मूळ भाषा शिकल्या आणि वर्षानुवर्षं भाषांतराला बसल्या. काम पुढे चालवील अशी एकुलती एक मुलगी मनोरमा, ती १९२१ साली आईच्या डोळ्यांदेखत गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. भाषांतर हातून पुरं झालं होतं. सबंध ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९२४ साली. तो पाहायला ना आई होती, ना मुलगी. पण ग्रंथ निघाला, आणि मुक्ती सदनाचं काम आजही चालू आहे.

नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं, आणि १९१९ साली ते काम अर्धं टाकून गेले. मग पदर खोचून कोण बसलं? लक्ष्मीबाई. ज्या बाईला एकेकाळी नवऱ्याचा ख्रिस्ती होण्याचा निर्णय सोसवला नव्हता, तिनंच ते अपुरं काव्य पुढे नेलं. एकानं पेटी ठेवली, दुसऱ्यानं उचलली. असंच चालतं हे.

आणि ती आपली आजी? चाळीस वर्षं गुडघे टेकणारी? तिचा मुलगा अमुक साली येईल असं तारखेसह वचन तिला मिळालं नव्हतं, आणि ते मिळालं होतं असं मीही तुम्हांला खोटं सांगणार नाही. पण हरवलेल्याला शोधत जाणारा मेंढपाळ तिनं ओळखला होता, आणि त्याच्या स्वाधीन तिनं मुलाला केलं. ती गेली म्हणून मेंढपाळ गेला का? तिच्या चाळीस वर्षांची पेटी अजून पुरलेली नाही. तुमच्या घरात आहे. तुम्ही उचलायची आहे. सुनबाई, सासूबाईंची चटई माळ्यावरून काढा. तिथून पुढे तुम्ही.

आपण मुलांसाठी काय ठेवून जातो? फ्लॅट, दागिने, विम्याची पॉलिसी. ठेवा, चांगलं आहे. पण मिसराचं थडगं बांधण्यातच आयुष्य घालवू नका. घरच्या शास्त्राची पहिली कोरी पानं असतात, त्यांवर आपण जन्म, बाप्तिस्मा, लग्न लिहितो. त्याखाली दोन ओळी आणखी लिहा. देवानं तुम्हांला कुठून आणलं, आणि अजून कशाची वाट पाहता आहात. पूर्ण झालेलं लिहा, अपुरं राहिलेलंही लिहा. नातवानं विचारलं, ‘आजोबा, हे काय?’ की सांगा, ‘मी नसलो तर तू ने.’

इब्री पत्रानं योसेफाची हाडं का निवडली, ते आता कळलं असेल. राजवाड्यात विश्वास ठेवणं सोपं नसलं तरी जमतं. पण स्वतः मेल्यावरही देव आपला शब्द पाळणार, हे धरून आज व्यवस्था करून ठेवणं, ह्याला म्हणतात विश्वास.

मागणं

हे अब्राहामाच्या, इसहाकाच्या, याकोबाच्या देवा, आमचं आयुष्य लहान आहे आणि तुझं वचन मोठं आहे. आमच्या हयातीत जे दिसेल त्यासाठी तुझे उपकार, आणि जे दिसणार नाही त्यासाठीही तुझेच उपकार. आमच्या वाडवडिलांच्या ज्या प्रार्थना अजून वाटेवर आहेत त्या आम्हांला उचलायला शिकव. थकलेल्या मातेला धीर दे, दूर गेलेल्या लेकराला शोध. आणि तुझा पुत्र येईल त्या दिवशी आम्हांला आमच्या माणसांसह उठव. येशूच्या नावानं मागतो. आमेन.

बोला, वचन पाळणाऱ्या देवाचा जय! प्रभू येशू ख्रिस्ताचा जय!